पोकलेन: सेन्सर बदलला तरी चार कोड एकदमच येतात, सुरुवात कुठून करायची?

ब्रेकर_साइट (प्रश्न)

२० टनी पोकलेन, कॉमन रेल इंजिन, २४ व्होल्ट. सेकंडहँड घेतलेली, मीटरवर ११,४०० तास. सकाळी थंड असताना काही तक्रार नाही. ब्रेकर लावून खडकावर अर्धा-पाऊण तास चालली की इंजिन एकदम हाफ होतं, आरपीएम १,२०० च्या वर उठत नाही. डिस्प्लेवर एकापाठोपाठ हे कोड येतात (एसपीएन म्हणजे कोणता भाग, एफएमआय म्हणजे कसला बिघाड):

एसपीएन १०० एफएमआय ४
एसपीएन १०२ एफएमआय ४
एसपीएन १५७ एफएमआय ४
एसपीएन ३५०९ एफएमआय ४

चाबी बंद करून दहा मिनिटांनी चालू केली की सगळे कोड इनॅक्टिव्ह होतात. ऑइल प्रेशर सेन्सर नवा टाकला, काही फरक नाही. मेकॅनिक म्हणतो आता रेल सेन्सर बदलू, त्यानेही नाही झालं तर ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर). माझ्याकडे मल्टीमीटर आहे, लॅपटॉप नाही. आधी काय तपासू?

वायरिंग_आणि_मीटर

ईसीएम राहू द्या, रेल सेन्सरही आणू नका. तुमच्या यादीतला कामाचा कोड शेवटचा आहे. ३५०९ म्हणजे ईसीएम सेन्सरांना जो ५ व्होल्ट सप्लाय देतो त्यातला पहिला, आणि एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा खाली. १००, १०२ आणि १५७ म्हणजे अनुक्रमे ऑइल, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि रेल (इंजेक्टरकडच्या डिझेलचा दाब), हे तिन्ही तीन-वायरचे प्रेशर सेन्सर. एकाच सप्लायवर असतील तर तो बसला की तिघांचे सिग्नल एकदम पडतात. तीन सेन्सर एकाच मिनिटाला जळत नाहीत. ईसीएमच्या कोणत्या पिनवरून कोणता सेन्सर पोसला जातो ते तुमच्या मॉडेलच्या सर्किट डायग्राममध्ये बघा, अंदाजाने जाऊ नका.

इंजिन बंद, चाबी ऑन. ऑइल सेन्सरचा कपलर जागेवर लावलेलाच ठेवा आणि मागून, सीलच्या कडेने बारीक टाचणी सरकवून रीडिंग घ्या. पुढून फिमेल पिनमध्ये मीटरचा जाड प्रोब घुसवलात तर पिन फाकते आणि एक नवा फॉल्ट तुम्हीच तयार करता. वायरचं इन्सुलेशनही टोचू नका, पावसाळ्यात तिथूनच आत हिरवा गंज धावतो.

सप्लाय पिन ते सेन्सर ग्राउंड पिन: ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान हवं. तीच सप्लाय पिन ते बॅटरी निगेटिव्ह: जवळजवळ तेवढंच. दोन्हींत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर ग्राउंडच्या बाजूला लफडं आहे. सिग्नल पिनवर इंजिन बंद असताना साधारण ०.५ व्होल्ट मिळेल, कारण हे सेन्सर ०.५ ते ४.५ मध्ये काम करतात. ० किंवा ५ दिसलं तर तो प्रेशरचा आकडा नव्हे, वायर तुटल्याची किंवा शॉर्टची खूण आहे.

थंड असताना हे सगळं बरोबरच येणार. खरं रीडिंग कोड ॲक्टिव्ह असतानाच मिळेल. म्हणून फॉल्ट आला की इंजिन बंद करून लगेच चाबी ऑन करा आणि मीटर लावा. सप्लाय पडलेला दिसला की त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर आतून शॉर्ट. सगळे काढूनही येत नसतील तर दोष लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) किंवा ईसीएममध्ये.

मग चाबी बंद करून दोन मिनिटं थांबा, ईसीएमला झोपू द्या. युरियावालं इंजिन (धूर साफ करायला युरिया वापरणारं) असेल तर पंप लाइन रिकामी करेपर्यंत थांबा. नंतर बॅटरी आयसोलेटर बंद करून ईसीएमचा इंजिनकडचा कपलर काढा आणि सप्लायची वायर ते चेसिस ओहम मोजा. मीटरने ओपन दाखवायला हवं. काही ओहम किंवा शे-दोनशे ओहम जरी आले तरी वायर कुठेतरी घासून चेसिसला लागते आहे. इथे ओपन आलं तरच ईसीएमवर संशय घ्या, तोही ईसीएमचे स्वतःचे पॉवर आणि अर्थ तपासून झाल्यावर.

टेस्ट लॅम्प या वायरींना लावू नका, ईसीएमच्या सप्लायला तो करंट झेपत नाही. ईसीएम जोडलेला असताना मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं मीटर) तर अजिबात नको. इंजेक्टरच्या वायरी इंजिन चालू असताना चाचपू नका, तिथे बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं.

जुनी_मशीन_तपासणी

वरचं सगळं पटतं, फक्त दोन गोष्टी आधी करा.

एक, ऑइल गॅलरीला मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनचं प्रेशर एकदा प्रत्यक्ष बघा. एफएमआय ३ किंवा ४ हा इलेक्ट्रिकल फॉल्ट, पण एफएमआय १ किंवा १८ आला तर सेन्सर ठीक आहे आणि प्रेशर खरोखर कमी आहे. ११,४०० तासांच्या इंजिनात दोन्ही एकत्र असू शकतात. वायरिंगच्या नादात बेअरिंग जायला नको.

दोन, सेकंडहँड मशीनमध्ये आधीच्या मालकाने काय जुगाड केलाय ते शोधा. कूलंट टेंपरेचरच्या कपलरमध्ये फिक्स रेझिस्टर घालून ओव्हरहीट लपवलेली असते. ओळखायला सोपं आहे. रात्रभर उभ्या मशीनची सकाळी चाबी ऑन करून कूलंट, इनटेक हवा आणि हायड्रॉलिक ऑइलचं तापमान बघा. तिन्ही बाहेरच्या हवेच्या आसपास, एकमेकांपासून चार-पाच अंशांत हवीत. कूलंट एकटंच ७५-८० दाखवत असेल तर कपलर उघडून बघा. तसंच इंजिन बंद असताना ऑइल प्रेशर शून्य दाखवायलाच हवं.

तुम्ही नवा टाकलेला सेन्सरही पार्ट नंबरवरून ताडून बघा. थ्रेड आणि कपलर जुळतो म्हणून वेगळ्या रेंजचा बसवला जातो. कोड येत नाही, आकडा मात्र चुकीचा येतो.

ब्रेकर_साइट

गेज लावला, गरम आयडलला १.८ बार आणि फुल आरपीएमला ४.१. तापमानं तिन्ही जुळली.

फॉल्ट आला तेव्हा: सप्लाय ते सेन्सर ग्राउंड ०.८ व्होल्ट. तिन्ही सेन्सर काढले, तरी ०.८ च. फ्लायव्हील हाउसिंगजवळच्या ब्रॅकेटपाशी लूम हाताने उचलला की ५.०१ होतं, सोडला की परत पडतं. ईसीएम कपलर काढून त्या वायरला चेसिसशी १४ ओहम, लूम उचलला की ओपन. थंड झाल्यावर हलवलं तरी ओपनच राहतं.

वायरिंग_आणि_मीटर

सापडलं. सेन्सर आणि ईसीएम दोन्ही निर्दोष. गरम झाल्यावर इन्सुलेशन मऊ पडतं आणि ब्रेकरच्या धक्क्यांनी लूम ब्रॅकेटच्या धारेवर बसतो, म्हणून थंडीत काही दिसत नाही. तिथे बहुधा लूम धरून ठेवणारी रबरवाली पी-क्लिप होती, रबर गळून नुसता पत्रा उरला असेल.

आता नुसती टेप गुंडाळून बंद करू नका. घासलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटर कॉन्ड्युट (वायरींवरची नळी) कापून सगळ्या वायरी बाहेर काढा. एक उघडी पडली असेल तर शेजारच्या दोन अर्ध्या घासलेल्या असतात. तांबं काळं किंवा हिरवं दिसलं तर चकचकीत तांबं येईपर्यंत मागे कापा. त्याच जाडीची वायर घ्या, बट स्प्लाइस (टोकाला टोक जोडायची धातूची नळी) नीट क्रिंप करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. सगळे जोड एकाच ठिकाणी आणू नका, चार-पाच सेंटिमीटर पुढेमागे ठेवा, नाहीतर तिथे गाठ होऊन परत घासेल. नुसता सोल्डर मी इथे करत नाही: वायर सोल्डरच्या कडेला कडक होते आणि ब्रेकरच्या कंपनाने नेमकी तिथेच तुटते. लूममध्ये पीळ दिलेली कॅनची जोडी (ज्यावरून मशीनचे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) असेल आणि तीही घासली असेल, तर जोडल्यावर पीळ तसाच ठेवा. नंतर बॅटरी बंद ठेवून दोन्ही कॅन वायरींमध्ये ६० ओहमच्या आसपास येतात का बघा. १२० आले तर एक टोक सुटलंय.

ब्रॅकेटची धार कानसीने मारा, नवी पी-क्लिप लावा आणि इंजिनच्या हालचालीपुरता ढिलेपणा सोडा.

जुनी_मशीन_तपासणी

त्याच लूमच्या टर्बोजवळच्या आणि काउंटरवेटच्या बाजूच्या क्लिपाही आजच उघडून बघा, त्यांचंही रबर तितकंच जुनं आहे. काम झालं की कोड क्लिअर करा, मीटर मिन-मॅक्सवर टाकून सप्लायला जोडा आणि ब्रेकर लावून सलग तासभर चालवा. मिनिमम ४.७५ च्या खाली गेलं नाही तर जुना ऑइल सेन्सर जपून ठेवा, तो चांगलाच आहे. पुढे मशीनवर वेल्डिंग कराल तेव्हा आयसोलेटर बंद करून ईसीएमचे कपलर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी शेजारी लावा.