मुक्काम क्योतोतच करा

जपानला आईबाबांना घेऊन जाताय, जेवण शाकाहारी हवं, तर मुक्काम कुठे करावा, असं विचारलंत. त्यावर ओसाकात राहून क्योतो एका दिवसात उरका, असा सल्ला कुणीतरी दिलाय. मला अजिबात पटला नाही. रेल्वेने अर्ध्या तासाचंच अंतर आहे, मान्य. पण क्योतोची खरी मजा भल्या सकाळी. फुशिमी इनारी हे डोंगरावरचं शिंतो देवस्थान चोवीस तास उघडं, तिकीट नाही. सातच्या आत पोचलात तर शेंदरी कमानींच्या रांगेखालून निवांत चढता येतं. उशीर केलात तर पंढरपूरची दर्शनबारी! उतरताना खांबांकडे बघा, देणगीदाराचं नाव आणि तारीख त्याच बाजूला कोरलेली असते. कियोमिझुदेरा हे बौद्ध मंदिरही सकाळी सहाला उघडतं.

आईबाबा सोबत आहेत म्हणताय, तर शिजो-कारासुमा भागात हॉटेल घ्या. मेट्रो जवळ, निशिकी बाजार पायी. रयोकानमध्ये (पारंपरिक जपानी निवासात) गादी जमिनीवर असते, गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

शाकाहारींसाठी मुख्य अडचण 'दाशी'ची, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्शाची. नुसत्या भाज्या दिसणाऱ्या सूपातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. त्यावर उपाय म्हणजे शोजिन र्योरी, बौद्ध मठांतलं जेवण. कांदा-लसूणही नसतो, चातुर्मासवाले खूश! क्योतोच्या अराशियामा भागात तेनर्यूजी मंदिराच्या आवारात अशा जेवणाचं 'शिगेत्सु' हे उपाहारगृह आहे, फक्त दुपारी.

किंकाकुजी हे सोनेरी मंदिर फोटोपुरतं ठीक (1950 मध्ये जाळलं गेलं, आत्ताचं 1955 चं). त्यापेक्षा जवळच्या र्योआनजी मंदिरातल्या दगडांच्या बागेसमोर बसा आणि दगड मोजा. आहेत पंधरा, पण ओसरीवर कुठेही बसलात तरी एखादा लपतोच.