‘सदाशिवपेठी’ आहे, मग ‘भवानीपेठी’ का नाही?

‘सदाशिवपेठी’ हे विशेषण महाराष्ट्रभर चालतं. नागपुरात किंवा कोल्हापुरात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोलण्याची धार, शुद्धलेखनाचा आग्रह, नाटक-गाण्याचं वेड, काटकसर, हे सगळं त्या एका शब्दात येतं. पुण्यात सतरा-अठरा पेठा आहेत, पण भवानीपेठी, गंजपेठी, रास्तापेठी असं कुणी म्हणताना किंवा लिहिताना मला आढळलेलं नाही.

दुसरी गोष्ट. ‘मी पेठेत राहतो’ असं नाव न घेता सांगितलं, तर ऐकणारा सदाशिव, नारायण नाहीतर शनिवार पेठ धरतो. माझं बालपण भवानी पेठेत गेलं. आम्हाला मात्र पेठेचं नाव घ्यावंच लागायचं, नुसतं ‘पेठेत’ म्हणून भागायचं नाही. पुण्याचं सांस्कृतिक केंद्र कोणतं, असा वाद निघतो तेव्हाही डेक्कन, कोथरूड आणि सदाशिव-नारायण यांच्यातच जुंपते. पूर्वेकडच्या पेठांचं नावही निघत नाही. हा फरक व्याकरणाचा आहे की आणखी कशाचा? जाणकारांनी सांगावं.

उत्तर १
आधी व्याकरणापुरतं. ‘-कर’ राहणाऱ्याला लागतो आणि ‘-ई’ वस्तूला किंवा धाटणीला. कोल्हापूरकर माणूस, कोल्हापुरी चप्पल. सोलापूरकर माणूस, सोलापुरी चादर. पुणेकर आणि पुणेरी यांतही हाच भेद आहे. म्हणजे ‘सदाशिवपेठी’ हा रहिवाशाचा शब्द नाही, धाटणीचा आहे. औंधात जन्मलेला माणूसही सदाशिवपेठी असू शकतो. एखाद्या ठिकाणाला ‘-ई’ लागायचा तर तिथली एखादी धाटणी चार लोकांत आधी प्रसिद्ध व्हावी लागते.

या निमित्ताने ‘नारायणपेठी’बद्दलही सांगतो. हा शब्द आहे आणि चांगला रुळलेला आहे, पण त्याचा पुण्याच्या नारायण पेठेशी संबंध नाही. नारायणपेठी लुगडं तेलंगणातल्या नारायणपेठ गावचं. ‘पेठ’ आपल्या एकट्याची नाहीच. कन्नडात पेटे, तेलुगूत पेट. बंगळूरचं चिकपेट त्यातलंच.

मूळ अर्थ बाजाराचा, आणि ‘बाजारपेठ’ या जोडशब्दात तो अजून शिल्लक आहे. तुमच्या पूर्वेकडच्या गंज पेठेत तर तो दोनदा आला आहे, कारण फारसीतून आलेला ‘गंज’ही बाजाराचाच. दिल्लीतलं दर्यागंज, लखनौतलं हजरतगंज आठवा.

उत्तर २, सदाशिव पेठेतून
हा शब्द आम्ही स्वतःला लावून घेतलेला नाही, एवढं आधी नोंदवतो. निम्म्या वेळा तो टोमणा म्हणूनच येतो. पण दावा पोकळ नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) इथलं. भरत नाट्य मंदिर इथलं, पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या एकांकिकांना तिथे होणारी गर्दी पुण्याबाहेरच्यांनाही माहीत आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची वास्तू टिळक रस्त्यावर. केसरीवाडा शेजारच्या नारायण पेठेत. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं ओळीने लागलेली. माणसं लिहिणारी आणि छापणारी असली की त्यांच्या भागाचं नाव भाषेत लवकर शिरतं. यात कुणावर अन्याय करायचा हेतू नव्हता.

आणि कोथरूडकरांना एक आठवण. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे पडले, कुटुंबं हलली. सहकारनगर, लोकमान्यनगर यांसारख्या भागांत आमच्याच पेठांतली किती घरं गेली! नदीपलीकडची आजची सांस्कृतिक वस्तीही बरीचशी इथूनच उठून गेलेली आहे.

उत्तर ३, कोथरूडहून
ते मान्य. पण केंद्र म्हणजे जिथे आज कार्यक्रम होतात ते, की जिथे एकेकाळी व्हायचे ते? बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून नदीच्या या अंगाला आहे. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आमच्याकडे आहे. १९५३ साली भीमसेन जोशींनी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं शनिवार पेठेत रमणबागेत व्हायचा, तो २०१८ पासून मुकुंदनगरला होतो. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली ती एरंडवण्यात. तिच्याच जागेवर पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली.

मात्र एक कबूल करायला हवं. आम्ही तुळशीबागेत, मंडईत किंवा लक्ष्मी रस्त्यावर निघालो की ‘गावात जाऊन येतो’ असंच म्हणतो. माझा शाळकरी मुलगाही तसंच म्हणतो. नाट्यगृहं इकडे आली तरी ‘गाव’ हा शब्द पेठांकडेच राहिला आहे. प्रत्ययातही हे दिसतं: ‘डेक्कनला’, ‘कोथरूडला’, पण ‘गावात’, ‘पेठेत’, ‘मंडईत’. बाहेरच्या जागेला ‘-ला’ आणि आपल्या आतल्या जागेला ‘-त’, असं मला वाटतं.

उत्तर १ देणारा पुन्हा
प्रत्ययाबद्दल थोडं सावध राहू या. गाव, पेठ, मंडई ही सामान्यनामं आहेत, त्यांना ‘-त’ सहज लागतो. डेक्कन, कोथरूड ही विशेषनामं, तिथे बोलताना ‘-ला’ जवळचा वाटतो. ‘कँपात’, म्हणजे लष्कर भागात, असंही म्हणतातच की, आणि कँप काही पेठकऱ्यांना आपल्या आतला वाटत नसे. आपलेपणाचा अर्थ ‘-त’मध्ये नाही, ‘गाव’ या शब्दात आहे. तुमचं निरीक्षण मात्र खरं आहे.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. सदाशिव पेठेतून आलेलं उत्तर प्रामाणिक आहे. त्यातल्या ‘लिहिणारी आणि छापणारी माणसं’ या मुद्द्याशीच मला थांबायचं आहे, कारण तो मला पटत नाही.

लिहिणारे आणि छापणारे फक्त पश्चिमेकडे होते, असं नाही. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचं पत्र कृष्णराव भालेकरांनी पुण्यातूनच सुरू केलं, १८७७ साली. ‘केसरी’ १८८१चा. जोतीराव फुल्यांचा वाडा गंज पेठेत. त्या पेठेचं नावच आता महात्मा फुले पेठ आहे. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये पुण्यात स्थापन झाला. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच वाड्यातला. लहुजी वस्तादांची तालीम गंज पेठेतच, आणि जोतीराव तिथे शिकलेले. ग्रंथ, वर्तमानपत्र, शाळा, तालीम यांतलं काय कमी होतं?

आषाढी वारीचंच पाहा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते ती भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळात. तुकाराम महाराजांची नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळात. मराठी माणसाच्या संस्कृतीत याहून मोठं काय मोजायचं? त्या मुक्कामात अख्खं शहर पूर्वेकडे लोटतं, दर्शनाच्या रांगा लागतात, घरोघरी वारकऱ्यांच्या पंगती उठतात. तरी ‘पुण्याच्या सांस्कृतिक जीवनाचं केंद्र’ असं लिहिताना वारीचा मुक्काम धार्मिक बातमीत जातो आणि नाट्यगृह सांस्कृतिक बातमीत. माझी खरी तक्रार इथे आहे. ‘सांस्कृतिक’ हा शब्द आपण सभागृह, तिकीट आणि प्रेक्षक एवढ्यापुरताच वापरतो. भजनी मंडळ, तालीम, शाहिरी यांना ‘लोक’ हे उपपद लावतो, म्हणजे ते वेगळ्या रकान्यात जातात. मग केंद्राचा वाद सुरू होण्याआधीच त्याचा निकाल लागलेला असतो.

रास्ता पेठेत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. नाना पेठेत, भवानी पेठेत अनेक भाषा आणि अनेक धर्म शेजारी-शेजारी राहत आले. तिथली धाटणी नाही, असं कुणी म्हणू नये. आहे, आणि ती ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच कळते. तिला नाव दिलं गेलं नाही, कारण नाव देणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

वर्तमानपत्रांतला ‘पूर्व भाग’ हाही शब्द तपासावा, ही विनंती. हा पूर्व भाग कुणाच्या पूर्वेला? ‘पश्चिम भागातील पेठा’ असं लिहिलेलं मला क्वचितच दिसतं. त्या नुसत्या पेठा, आणि आम्ही दिशा.

उत्तर ४, लष्कर भागातून
आमच्याकडचं ऐका. आम्ही कँपात राहतो, घरात मराठीच बोलतो. इथे जुनी माणसं ‘गावात’ म्हणत नाहीत, ‘सिटीत’ म्हणतात. आणि आमच्या ‘सिटी’त भवानी पेठ आणि सदाशिव पेठ दोन्ही येतात, काही फरक नाही. उलट गावातले लोक आमच्या भागाला अजून ‘लष्कर’ म्हणतात. ओहेल डेव्हिड सिनेगॉगला आख्खं पुणं ‘लाल देऊळ’ म्हणतं, ते नाव मला फार आवडतं.

उत्तर २ देणारी पुन्हा
‘पूर्व भाग’बद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. मी स्वतः असंच लिहीत आले आहे. यापुढे पेठेचं नाव लिहीन. एक भर घालते: शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद, रविवारचं मलकापूर, गुरुवारचं वेताळ पेठ. सदाशिव पेठेला सदाशिवरावभाऊंचं नाव पेशवाईत मिळालं. म्हणजे पेठांची नावं नेहमीच बदलत आली आहेत, विशेषणंही नवी घडवता येतील. ‘भवानीपेठी’ हा शब्द कोणत्या धाटणीसाठी वापरावा, हे मात्र तिथल्या माणसांनीच ठरवायला हवं. तुमच्या लहानपणीचे तिथले खास शब्द, तालमीतले, भजनातले, मंडईतल्या गाळ्यांवरचे, इथे लिहाल का?

प्रश्नकर्ता
लिहितो. आईला आणि मामांना विचारून एकेक अर्थासकट देतो. त्यांच्या बोलण्यात असे शब्द पुष्कळ आहेत, आणि मला एकट्याला सगळे आठवणार नाहीत.