टाकीत नमुने ओढायचे दिवस संपले का?

नांगर: जहाजाचा छोटा नमुना पाण्याच्या लांब टाकीत ओढून पाण्याचा विरोध मोजत बसणं आता पुरे. सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं प्रवाहाचं गणित, खऱ्या मापावर चालतं. टाक्या बंद करा, तो पैसा सर्व्हरवर घाला.

गलबत: हे वाचून राहवलं नाही. मीही रोज सीएफडीच चालवतो. २०१६ मध्ये जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या लॉइड्स रजिस्टर या संस्थेने 'रीगल' या मालवाहू जहाजाच्या समुद्रचाचणीचे आकडे झाकून ठेवून ठिकठिकाणच्या लोकांकडून गणितं मागवली. जहाज एकच, उत्तरं मात्र विखुरलेली. मेश (गणितासाठी पाण्याचे पाडलेले बारीक तुकडे) बदला, टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळीचं सूत्र) बदला, रेझिस्टन्स म्हणजे पाण्याचा विरोध बदलतो. रंगीत चित्रं मात्र सगळ्यांचीच देखणी!

नांगर: आणि टाकी काय देते? १:२५ चा नमुना घेतला की लाटा सारख्या उठाव्यात म्हणून फ्रूड अंक जुळवायला वेग पाचपट कमी करायचा, तिथे घर्षण ठरवणारा रेनॉल्ड्स अंक १२५ पट घसरतो. मग प्रवाह खळबळता व्हावा म्हणून नाकाशी वाळूची पट्टी चिकटवा, आयटीटीसी या टाकीवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९५७ च्या सूत्राने घर्षण मोठ्या मापावर न्या. एवढं करूनही पंख्याकडे येणारं पाणी खऱ्या जहाजासारखं नसतंच.

गलबत: केसीएस हे अभ्यासासाठी आखलेलं कंटेनर जहाज कधी बांधलंच गेलं नाही. तरी सगळे आपला सॉल्व्हर, म्हणजे सीएफडीचं गणित सोडवणारा प्रोग्राम, त्यावरच तपासतात. ते आकडे टाकीतूनच आले ना?

तांडेल: दोघेही गुळगुळीत तळावरून भांडताय. जूनमध्ये बंदी लागली की आम्ही ट्रॉलर वर ओढतो. तळ बघा एकदा, पंख्यापाशी शिंपल्यांचा थर. खरवडून रंग मारला की त्याच इंजिनावर डिझेल कमी लागतं.

नांगर: खडबडीतपणा वॉल फंक्शनमध्ये, म्हणजे तळाला लागून वाहणाऱ्या पाण्याच्या सूत्रात, घालता येतो.

तांडेल: कुठला आकडा घालणार? नाकाशी शेवाळ, मागे शिंपले. तुम्ही सगळीकडे एकच घालणार.

गलबत: तांडेल, विषय टाकीचा चाललाय. शिंपल्यांसाठी वेगळा धागा काढा.

तांडेल: का काढू? डिझेलचं बिल मी भरतो. आमच्या बंदरातल्या एकाने कॉम्प्युटरवर आराखडा करून घेतला, बोट पाण्यात उतरली ती मागे बसलेली. आराखडा करणारा म्हणे, "गणित बरोबर आहे."

नांगर: ती वजनाच्या हिशेबाची चूक असणार. सीएफडीवर कशाला ढकलता? आरडाओरडा करून मुद्दा सिद्ध होत नाही.

तांडेल: आरडाओरडा कोणी केला? तुम्हीच टाक्या बंद करायला निघालात.

नांगर: बरं. वीस आकारांतून दोन निवडायला सीएफडी आणि त्या दोघांपुरती टाकी, इतकं मान्य. नवी टाकी बांधायला मात्र माझा विरोधच राहील.

गलबत: आणि खऱ्या जहाजाच्या चाचणीचे आकडे? ते मालक दाबून ठेवतात. त्यावर बोला.