मदत हवी आहे: जुन्या सात-सीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागतच नाही, गाडी वापरावी का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आधी आम्ही एका डीलरकडून २०१७ची डिझेल सात-सीटर घेतली. सेकंड ओनर, मीटरवर ९२,००० किमी, किंमत सहा लाख चाळीस हजार. घरात आम्ही दोघं, दोन मुली आणि सासू-सासरे. सगळ्यांना एकत्र गावी जाता यावं एवढाच हेतू. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडायचं नाहीये, मार्ग हवाय.

इंजिनाचं आधी सांगते. चढाला मध्येच पिकअप जायचा, चेक इंजिनचा दिवा लागायचा, बंद करून चालू केली की ठीक. मेकॅनिकदादांनी ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला, टर्बोचा चिरलेला होज बदलला. सध्या त्रास नाही.

घाबरले ते पसरणी घाटात. पाचगणीहून वाईला उतरत होतो, गाडी भरलेली, मी चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून चालवत होते (ही माझी चूक, दुसऱ्यात उतरायला हवं होतं). एका वळणावर ब्रेक पॅडल नेहमीपेक्षा खूप खाली गेलं, स्पंजसारखं. हँडब्रेक आणि गिअरवर गाडी कडेला घेतली. चाकांना जळका वास येत होता. नंतर ब्रेक ऑइल काढलं तर चहासारखं काळपट. ते हवेतली ओल धरतं, जुनं झालं की लवकर उकळतं आणि बुडबुडे होऊन पॅडल बसतं, असं दादांनी समजावलं. ऑइल आणि पुढचे पॅड बदलले, आता ब्रेक घट्ट लागतो.

पण त्या निमित्ताने मी गाडी नीट बघायला लागले. मधल्या रांगेतल्या बेल्टची बक्कलं सीट कव्हरखाली दाबून टाकलेली होती, ती उकरून वर काढली. स्टेपनीवर ३११६ असा आकडा, म्हणजे २०१६च्या एकतिसाव्या आठवड्यातला टायर.

आणि मग हे दिसलं. चावी फिरवली की डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात: ऑइल, बॅटरी, एबीएस. एअरबॅगचा लागत नाही. तो चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझायला हवा. मी पाच-सहा वेळा सावलीत गाडी लावून बघितलं, नाहीच. आमच्या मॉडेलला पुढे दोन एअरबॅग (एक स्टेअरिंगमध्ये, एक डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये) असल्याचं मॅन्युअलमध्ये आहे. डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या वरच्या भागाचा रंग बाकीपेक्षा किंचित गडद आहे, बोट फिरवलं तर पोतही वेगळा लागतो. सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन जुनी नोंद काढली, तर २०२१मध्ये बोनेट, पुढचा बंपर आणि रेडिएटर बदललेलं बिल निघालं. त्यात एअरबॅगचा उल्लेख नाही. डीलर म्हणतो, "बल्ब गेला असेल मॅडम."

माझी शंका अशी, की अपघातात एअरबॅग उघडल्या, नव्या बसवल्याच नाहीत आणि दिवा जळत राहू नये म्हणून तो काढून टाकला. बाहेरच्या एकाने स्कॅनर लावून "काही फॉल्ट नाही" सांगितलं, पण एअरबॅगच्या जागी रेझिस्टन्स (एअरबॅग जोडलेली आहे असं भासवणारा छोटा विजेचा भाग) जोडला तर स्कॅनरही फसतो. मग खरी खात्री स्टेअरिंग उघडूनच होणार ना? ते काम कोणाकडून करून घ्यावं? एअरबॅग शाबूत असेल तर चुकून उघडण्याचा धोका असतो, म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजला हात लावू द्यायचा नाही असं ठरवलंय. पुढच्या बेल्टचे प्रिटेन्शनरही (धडकेच्या क्षणी बेल्ट घट्ट ओढणारे भाग) एकदा उडाले की बदलावेच लागतात, तेही तपासून देतात का? आणि हे लपवून विकल्याबद्दल ग्राहक मंचात कोणी दाद मागितली आहे का?

भर, रविवार: उत्तरांबद्दल मनापासून आभार. ब्रोशर, जुनं बिल, दिवे लागतानाचा व्हिडिओ असं सगळं एका फाइलमध्ये ठेवलंय. अधिकृत सर्व्हिस सेंटरला बुधवारची वेळ मिळाली आहे, उघडताना मी समोर थांबणार आणि फोटो काढणार. दोन्ही एअरबॅग, त्यांचं कंट्रोल मॉड्यूल आणि बेल्ट धरून अंदाज लाखाच्या वर सांगितलाय. सातारा-पुणे भागात कोणी हे काम केलं असेल तर खरा खर्च कळवा. तोवर गाडी दारात उभी आहे. शनिवारी सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीला पुण्याला न्यायचंय, त्यासाठी एसटीचं आरक्षण करून टाकलं.