राजहंसगडावर पहाटे जाण्यासाठी गाडी कशी ठरवावी?

प्रश्न (शहापूर, बेळगाव): जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघे वाटाड्या न घेता राजहंसगडावर सूर्योदय पाहायला जाणार आहोत. येळ्ळूरपर्यंत गाडीने जाऊन पुढे पायी चढण्याचा विचार आहे. तरी किती वाजता निघावे आणि परतीची सोय कशी करावी?

येळ्ळूरकर: त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, परंतु पूर्वेकडचे आकाश त्याआधी अर्धा-पाऊण तास रंगू लागते आणि खरे पाहण्यासारखे तेच असते, म्हणून बेळगावहून पाचच्या आत निघावे. अंतर १५ किलोमीटरच्या आसपास आहे. गाडीरस्ता थेट गडापर्यंत जात असल्याने अंधारात तोच धरावा. पायवाटेचा मोह उजाडेपर्यंत टाळलेला बरा.

वडगावचा वाचक: जाण्याचे, थांबण्याचे आणि परतीचे भाडे आदल्या संध्याकाळीच एकत्र ठरवा. आम्ही ते न ठरवल्याने खाली उतरल्यावर चालकाशी हुज्जत घालण्यात सकाळ गेली. तटावर वारा बोचरा असतो, तेव्हा कानटोपी विसरू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गाडी येळ्ळूरलाच थांबवून, गडावरील सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन नऊपर्यंत उतरू.