सिल्व्हर प्रकरणाचा पुढचा भाग
अमेरिकेत 'फेडरल प्रॉसिक्युटर (केंद्राचा सरकारी वकील) मागे लागला की राजकारणी सुटत नाही' असं कुणी म्हटलंय आणि त्यासाठी न्यूयॉर्कचे तेव्हाचे असे वकील प्रीत भरारांनी अडकवलेल्या शेल्डन सिल्व्हरचा दाखला दिलाय. निम्मंच पटलं. न्यूयॉर्क असेंब्लीचा हा माजी स्पीकर २०१५ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरला खरा, पण २०१७ मध्ये अपिलात निकाल रद्द झाला. त्याला कारण व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉनेल यांचा खटला. या गृहस्थांनी एका व्यावसायिकाकडून रोलेक्स घड्याळासकट पावणेदोन लाख डॉलरची कर्जं नि भेटी घेतल्या होत्या. तरी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं, नुसती बैठक जमवून देणं म्हणजे लाचेचा गुन्हा ठरायला लागणारी 'अधिकृत कृती' नव्हे. (आपल्याकडे अर्धं राजकारण त्यावरच चालतं!)

या निकालामुळे मग सिल्व्हरवर २०१८ मध्ये खटला नव्याने चालवावा लागला, तेव्हा कुठे तो पुन्हा दोषी ठरला. तोवर भरारांना ट्रम्प यांनी घरी पाठवलं होतं.