शब्दचर्चा : ‘शोफर’ म्हणजे ड्रायव्हरच का?

प्रश्न : फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकच्या १८९८ च्या ‘लोतोमोबिलिस्त’ या शिळाछापाखाली (लिथोग्राफखाली) मराठीत काय लिहावे? ‘ड्रायव्हर’ चालेल? ‘शोफर’ म्हणजे तोच ना?

उत्तर : ‘ड्रायव्हर’ नकोच. मराठीत ड्रायव्हर म्हटले की पगारी माणूस डोळ्यांपुढे येतो. छापातला गॉगल-टोपीवाला म्हणजे लोत्रेकचा नात्यातला भाऊ डॉ. गाब्रिएल तापिए असे मानतात (आतेभाऊही तोच, मामेभाऊही तोच). म्हणून ‘हौशी मोटारचालक’ लिहा. मागे कुत्र्याला फिरवणारी बाई धूसर दिसते, तिच्याकडे जरूर बघा. रपेट आणि फेरफटका एकाच कागदावर आहेत.

‘शोफर’ आला ‘शोफे’वरून, म्हणजे तापवणे. आधी तो वाफेच्या इंजिनाचा आगवाला. मोटारीलाही हे नाव शोभले, कारण सुरुवातीच्या पानार, प्यूजो गाड्यांत ठिणगीचा प्लग नव्हता. आधी बर्नर पेटवायचा, सिलिंडरला जोडलेली प्लॅटिनमची नळी लाल होऊ द्यायची, मगच हँडल मारायचे. नळी पुरती तापली नसेल तर मिश्रण पेटत नाही. वाऱ्याने बर्नर विझला तर चालती गाडी बंद पडते. त्या काळी स्वतः गाडी हाकणारा मालकही शोफरच म्हणवला जाई. पगारी चालक हा अर्थ पुढे पक्का झाला आणि मराठीत तोच आला.

पुरवणी : स्त्रीलिंगी रूप ‘शोफझ’, म्हणजे गाडी हाकणारी बाई. फ्रेंचमध्ये शेकोटीजवळच्या बुटक्या खुर्चीलाही हेच म्हणतात. ज्युलियस स्टुअर्टच्या १९०१ च्या चित्रात गोल्डस्मिथ घराण्यातल्या दोघी पॅरिसच्या बुआ द बुलोन्य या उद्यानात प्यूजोच्या छोट्या गाडीतून हिंडताहेत. अशा चित्राच्या मूळ मजकुरात ‘शोफझ’ दिसला तर आधी संदर्भ पाहा, नाहीतर बाईची खुर्ची व्हायची!

आणखी एक : फ्रेंच चित्रकार मातिसच्या १९१७ च्या चित्राचे नाव ‘ल पार-ब्रीझ’, म्हणजे वारा अडवणारी. मराठीत सरळ ‘गाडीची पुढची काच’. ‘खिडकी’ लिहिले तर चूक, कारण बाजूच्या खिडक्याही चित्रात वेगळ्या आहेत. समोर झाडांमधून जाणारा पॅरिसजवळच्या व्हिलाकुब्लेचा रस्ता आणि स्टिअरिंगपाशी रंगवायला घेतलेला कॅनव्हास. लोत्रेकच्या माणसाला धुळीसाठी गॉगल लागतो, इथे काचेनेच ते काम केले आहे. गाडी रस्त्याकडेला उभी करून हे रंगवले आहे, तेव्हा चित्राखालच्या ओळीत ‘धावत्या गाडीतून’ असे घालू नका.